नियमांमागचे नियम : संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील निर्णयपद्धतीची चिकित्सा

सारांश

संग्राह्य पत्त्यांच्या खेळात (ट्रेडिंग कार्ड गेम) प्रत्येक पत्ता स्वतःचा नियम बरोबर घेऊन येतो. त्यामुळे दोन नियम परस्परविरोधी ठरण्याचे प्रसंग या खेळात सतत उद्भवतात. असे प्रसंग सोडविण्यासाठी 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने जी निर्णयपद्धती घडविली आहे, तिचा विचार प्रस्तुत निबंधात व्याकरणातील परिभाषा, मीमांसेतील विकल्पविचार आणि महाराष्ट्रातील पत्त्यांच्या लौकिक खेळांचे संकेत यांच्या संदर्भात केला आहे. निर्णयाचे न्याय्यत्व नियमांच्या तपशिलावर अवलंबून नसते. निर्णयाची कसोटी वाद उद्भवण्यापूर्वी ठरली होती काय, यावर ते अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : नियम, परिभाषा, अपवाद, निषेध, विकल्प, मेंढीकोट, गंजिफा, पंच.

1. प्रस्तावना

पनवेलहून मुंबईकडे जाणाऱ्या हार्बर मार्गावरील लोकलमध्ये मांडीवर पिशवी आडवी टाकून पत्ते कुटणारी चौकडी कोणी पाहिली नाही, असा प्रवासी विरळाच. हा प्रवास सव्वा तासाहून अधिक वेळाचा आहे आणि तेवढ्या वेळात मेंढीकोटाचे अनेक डाव होतात. वाद होतात ते बहुधा वडाळा येण्यापूर्वीच मिटतात. हे वाद कोण आणि कशाच्या आधारे मिटवितो, या प्रश्नाचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही, कारण खेळ हा विषय आपल्याकडे गंभीर चर्चेचा मानला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखकाला हा विचार करणे भाग पडले ते स्वतःच्या एका चुकीमुळे. महाविद्यालयातील काही विद्यार्थी मोकळ्या तासाला 'मॅजिक' खेळत असत. त्यांच्या एका छोट्या स्पर्धेत वाद झाला आणि जवळ असलेले प्राध्यापक म्हणून निर्णय माझ्याकडे आला. एका खेळाडूच्या पत्त्यावर प्रतिस्पर्ध्याला प्राणगुण मिळविता येणार नाहीत, असा मजकूर होता. त्यानंतर दुसऱ्याने टाकलेल्या पत्त्यावर टाकणाऱ्याला तीन प्राणगुण मिळतील, असे लिहिले होते. समबल नियमांत नंतरचा बलवान, ही भाषेच्या अध्यापकाला अंगवळणी पडलेली रीत. तिला अनुसरून मी दुसऱ्या पत्त्याच्या बाजूने निर्णय दिला. डाव त्यावरच फिरला. पहिल्या विद्यार्थ्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खेळाच्या नियमावलीचे एक पान माझ्यापुढे ठेवले. या खेळात मुभा आणि निषेध यांचा विरोध आला, तर निषेधच बलवान ठरतो, असे तेथे स्पष्ट लिहिले होते. मी निर्णय मागे घेतला, पण बक्षीस देऊन झाले होते आणि मोडलेला डाव पुन्हा मांडता येत नव्हता.

माझ्या चुकीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. नियम मला ठाऊक नव्हता, ही तिची एक बाजू. दुसरी बाजू अशी की, दोन नियमांतून एक निवडण्यासाठी मी तिसऱ्याच शास्त्रातील नियम वापरला आणि तो सार्वत्रिक आहे असे गृहीत धरले. नियमांमध्ये निवड करणारा नियम कोणता असावा आणि तो कोणी ठरवावा, हा या निबंधाचा विषय आहे.

2. खेळाचे स्वरूप

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला आणि अमेरिकेतील 'विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट' या कंपनीने 1993 मध्ये प्रकाशित केलेला 'मॅजिक' हा संग्राह्य पत्त्यांच्या खेळाचा आद्य नमुना मानला जातो. आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये बावन्न पत्ते असतात आणि इस्पिकचा एक्का सर्वांच्या हाती सारखाच असतो. 'मॅजिक'मध्ये प्रत्येक खेळाडू आपली जुडी स्वतः बांधतो. आजवर 25,000 हून अधिक निरनिराळे पत्ते निघाले असून बहुतेकांवर त्या त्या पत्त्यापुरता एखादा नियम छापलेला असतो. कोणते दोन पत्ते कधी समोरासमोर येतील, हे रचणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही.

या अडचणीवर दोन उपाय संभवतात. पहिला उपाय प्रत्येक जोडीसाठी वेगळा निर्णय लिहून ठेवण्याचा. पत्त्यांची संख्या पाहता तो अशक्य आहे. दुसरा उपाय, थोडीच पण सर्वत्र लागू पडणारी तत्त्वे सांगून कोणत्याही जोडीचा निर्णय त्यांतून निष्पन्न व्हावा, अशी व्यवस्था करण्याचा. 'मॅजिक'ची अडीचशेहून अधिक पानांची नियमावली हा दुसऱ्या उपायाचा विस्तार आहे. 1999 मध्ये तिची मोठी पुनर्रचना झाली आणि खेळाडूंच्या कृतींची 'स्टॅक' मांडण्याची पद्धत आली. घरातील मडक्यांच्या उतरंडीत जे मडके शेवटी ठेवले तेच प्रथम काढावे लागते. तसेच येथे शेवटी घोषित केलेली कृती प्रथम फलद्रूप होते. या एका तत्त्वाने 'आधी माझे' हा वाद बव्हंशी संपुष्टात आला.

3. परिभाषा आणि पत्ते

नियमांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या नियमांना संस्कृत व्याकरणात परिभाषा म्हणतात. या विषयावरील 'परिभाषेन्दुशेखर' हा ग्रंथ काशीत वास्तव्य करणाऱ्या नागोजीभट्ट या महाराष्ट्रीय वैयाकरणाचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ किलहॉर्न यांनी 1868 ते 1874 या काळात त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी विविध परिभाषाग्रंथ एकत्र करून 1967 मध्ये 'परिभाषासंग्रह' सिद्ध केला. सूत्रे संक्षिप्त, त्यांची लक्ष्ये असंख्य आणि सूत्रासूत्रांत विरोध अटळ : पाणिनीय परंपरेसमोरील ही परिस्थिती पत्त्यांच्या खेळातील परिस्थितीशी आश्चर्यकारक साम्य दाखविते.

पहिले साम्य उत्सर्ग आणि अपवाद यांचे. पत्त्यावरील मजकूर आणि सर्वसाधारण नियमावली यांत विरोध आला, तर पत्ता प्रमाण, हे 'मॅजिक'चे मूलतत्त्व आहे. महाभाष्याच्या परंपरेतील तक्रकौण्डिन्यन्याय हेच सांगतो. ब्राह्मणांना दही वाढण्याची आज्ञा असताना कौंडिण्यासाठी ताक सांगितले असेल, तर कौंडिण्यही ब्राह्मण असल्याने त्याला दहीही द्यावे, असे कोणी म्हणत नाही. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो, अन्यथा विशेष नियम सांगण्याचे प्रयोजनच उरत नाही.

दुसरे तत्त्व निषेधाच्या प्राबल्याचे. येथे साम्यापेक्षा भेद अधिक बोधप्रद आहे. मीमांसेत अतिरात्र यागातील षोडशी पात्राचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ते पात्र घ्यावे असेही वचन आहे आणि घेऊ नये असेही वचन आहे. दोन्ही वचने वेदाचीच असल्याने एकाने दुसऱ्याचा बाध होऊ शकत नाही. म्हणून मीमांसकांनी तेथे विकल्प मानला : घेतले तरी चालेल, न घेतले तरी चालेल. विकल्प हा आठ दोषांनी युक्त आहे आणि अन्य मार्ग असेल तोवर तो टाळावा, असेही त्यांनी बजावले; तथापि शेवटचा आश्रय म्हणून तो स्वीकारला.

खेळाला हा आश्रय उपलब्ध नाही. यज्ञात यजमान एकच असतो. त्याने कोणताही पक्ष पत्करला तरी त्यामुळे हानी पोहोचणारा प्रतिपक्ष तेथे नसतो. पत्त्यांच्या डावात दोघे समोरासमोर बसलेले असतात आणि विकल्प दिला, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा पक्ष निवडणार हे उघड आहे. त्यामुळे खेळाला एक बाजू कायमची बलवान ठरवावीच लागते. ती बाजू निषेधाची असावी, याला कोणतेही तात्त्विक अधिष्ठान नाही. मुभा बलवान मानूनही खेळ रचता आला असता. मात्र जी निवड केली ती सर्व पत्त्यांना सारखी लागू असावी आणि डाव मांडण्यापूर्वी जाहीर असावी, एवढे अपरिहार्य आहे. माझा निर्णय चुकला तो नेमका येथे. 'नंतरचा बलवान' हे तत्त्व स्वतः अयोग्य नव्हते. ते त्या दोघांनी आधी मान्य केलेले नव्हते, हा त्यातील दोष होता.

4. क्रम, थर आणि असिद्धत्व

निषेधाचा प्रश्न नसेल तेथे 'मॅजिक'मध्येही काळाचा क्रम लागतो, परंतु त्याआधी थर लागतात. एखाद्या पत्त्यावर अनेक परिणाम एकाच वेळी होत असतील, तर ते सात थरांत लावले जातात : प्रतिकृती, नियंत्रण, मजकूर, प्रकार, रंग, गुणधर्म आणि शेवटी बल. एकाच थरात दोन परिणाम आले, तर त्यांपैकी एक दुसऱ्यावर अवलंबून आहे काय, हे प्रथम पाहतात. तसे नसेल तर जो परिणाम नंतर सुरू झाला तो शेवटी लावतात, आणि म्हणून तोच टिकतो.

या व्यवस्थेची कसोटी पाहणारे एक उदाहरण खेळाडूंमध्ये प्रसिद्ध आहे. 'ह्युमिलिटी' हा टेबलावर टिकून राहणारा मंत्र सर्व जीवांचे गुणधर्म काढून घेतो आणि प्रत्येकाचे बल एकास एक करतो. 'ओपॅलसेन्स' हा दुसरा मंत्र स्वतःखेरीज अशा इतर मंत्रांना जीव बनवितो आणि प्रत्येकाला त्याच्या किमतीइतके बल देतो. दोन्ही मंत्र टेबलावर आले की 'ह्युमिलिटी' स्वतःच जीव होते. जीव झाल्यामुळे तिने स्वतःचाही गुणधर्म काढून घेतला पाहिजे. गुणधर्म गेला, तर तो काढून घेणारी शक्तीही गेली. आणि ती शक्ती गेली, तर गुणधर्म परत आला पाहिजे. हे चक्र थांबावे कसे?

थरांच्या पद्धतीत ते सुरूच होत नाही. प्रकाराच्या थरात 'ह्युमिलिटी' जीव होते. पुढे गुणधर्माच्या थरात तिचा परिणाम लागू होतो आणि तिचाही गुणधर्म जातो. मात्र जो परिणाम एका थरात लागू होण्यास आरंभ झाला तो पुढील थरांत चालूच राहतो, त्याचे उगमस्थान नष्ट झाले तरी, असा स्वतंत्र नियम आहे. शेवटी बलाच्या थरात दोन्ही मंत्रांची गाठ पडते. तेथे 'ह्युमिलिटी' नंतर आलेली असेल तर तिचे बल एकास एक राहते. 'ओपॅलसेन्स' नंतर आलेला असेल तर चारास चार होते.

पाणिनीच्या अष्टाध्यायीतील शेवटच्या तीन पादांची व्यवस्था येथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्या भागातील सूत्रांनी केलेले कार्य आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने घडलेलेच नसते, ते असिद्ध असते. पुढच्या पायरीवरील फळ मागच्या पायरीपर्यंत पोहोचू न देणे, ही चक्राकार वादातून सुटण्याची युक्ती दोन्ही ठिकाणी सारखीच आहे. एकाला दुसऱ्याची माहिती होती असे येथे सुचवायचे नाही. समान अडचणीतून समान उपाय निघतो, एवढेच म्हणावयाचे आहे.

तथापि साम्याच्या आनंदात एक मूलभूत भेद विसरता कामा नये. व्याकरणात लक्ष्य आधी आणि लक्षण नंतर असते. शिष्टांच्या भाषेतील रूप ठाऊक असते आणि सूत्रांतून वेगळे रूप निघू लागले, तर सूत्राचा अर्थ पुन्हा तपासला जातो. खेळात असे पूर्वसिद्ध रूप नाही. 'ह्युमिलिटी'चे 'खरे' बल किती, हा प्रश्न नियमावलीबाहेर निरर्थक आहे. नियमातून जे निघेल तेच बरोबर.

शिवाय परिभाषाही अर्थनिर्णयातून सुटत नाही. समबल सूत्रांच्या विरोधात नंतरचे कार्य करावे, असा ज्या 1.4.2 या सूत्राचा अर्थ परंपरेने घेतला, त्याच सूत्रातील 'पर' हा शब्द सूत्रपाठातील क्रमाचा नसून शब्दाच्या उजव्या बाजूचा वाचक आहे, असे प्रतिपादन केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधात केले गेले. 2022 च्या अखेरीस त्याची सर्वत्र चर्चा झाली आणि अनेक अभ्यासकांनी त्याच्याशी मतभेदही नोंदविले. माझ्या विद्यार्थ्याविरुद्ध मी ज्या तत्त्वाचा आधार घेतला, त्याचा अर्थदेखील असा वादग्रस्त आहे.

5. लौकिक खेळांतील संकेत

आता आपल्या परिचयाच्या खेळांकडे वळू. मेंढीकोटाची कोणतीही सर्वमान्य नियमावली खेळणाऱ्यांच्या खिशात नसते. चार दश्श्यांपैकी तीन किंवा चार ज्या जोडीने जिंकल्या तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात करणाऱ्या जोडीचा. एवढा गाभा सर्वत्र समान आहे. हुकूम कसा ठरवावा, याबाबत मात्र घराघरांत भिन्नता आढळते. कोठे एक पत्ता पालथा ठेवून बंद हुकूम खेळतात, तर कोठे रंग नसलेल्याने प्रथम टाकलेल्या पत्त्याचा रंग हुकूम होतो. उरण, पेण, कर्जत आणि खोपोली येथील चार विद्यार्थी एका खोलीत राहावयास आले की पहिल्याच संध्याकाळी त्यांना ही भिन्नता जाणवते. ते तिच्यावर अगदी साधा उपाय करतात. वाटणी सुरू होण्यापूर्वी कोणी तरी म्हणतो, आधी ठरवून घेऊ.

या तीन शब्दांत फार मोठे शहाणपण आहे. पत्ते वाटण्यापूर्वी कोणता नियम आपल्या फायद्याचा, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तेव्हा दिलेली संमती निःपक्षपाती असते. पत्ते हातात आल्यानंतर तोच प्रश्न विचारला, तर प्रत्येकाचे उत्तर त्याच्या हातातील पत्ते देतात.

लौकिक पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे 120 पत्ते असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते. पाच रंगांत दहाकडून एककडे उतरता क्रम, तर उरलेल्या पाचांत नेमका उलट. दिवसाच्या खेळाची सुरुवात रामाच्या राजाकडे आणि रात्रीच्या खेळाची कृष्णाच्या राजाकडे असते. मग सूर्य मावळत असताना मांडलेला डाव दिवसाचा की रात्रीचा? जेथे असा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तेथे ज्येष्ठ खेळाडू उत्तर देतो आणि सर्व जण ते मानतात. खेळणारेच विरळ झाले की पत्ते उरतात, उत्तर देणारा उरत नाही. सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पत्त्यांची कला जिवंत ठेवली. चित्र जपता येते, परंतु खेळातील अलिखित निर्णय खेळल्याशिवाय जपता येत नाहीत.

संग्राह्य पत्त्यांची आपल्याकडील ओळख नव्वदीच्या दशकातील कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांतून झाली. तेथे वजन, उंची, छाती यांत मोठा आकडा जिंके आणि क्रमवारीत लहान आकडा. दोन आकडे सारखे निघाले की गल्लीगल्लीत निराळा न्याय असे आणि पुष्कळदा ज्याचा कॅट त्याचा न्याय. आपल्या पुढील विवेचनाशी या शेवटच्या वाक्याचा निकटचा संबंध आहे.

6. कॅटचा मालक आणि पंच

याज्ञवल्क्यस्मृतीत द्यूतसमाह्वय हे स्वतंत्र व्यवहारपद आहे. मनूने द्यूत निषिद्ध मानले, तर याज्ञवल्क्याने ते राजाच्या देखरेखीखाली चालू दिले. द्यूतगृह चालविणारा सभिक जिंकलेल्या रकमेतून आपला भाग घेई, राजाला त्याचा वाटा देई आणि जेत्याला जिंकलेले धन मिळवून देई. खेळातील व्यवहाराचे निरीक्षक आणि साक्षी कोण असावेत, याविषयी मात्र स्मृतिकाराने सभिकाचे नाव घेतलेले नाही. ते काम खेळणाऱ्यांवरच सोपविले आहे. ज्याचा खेळावर आर्थिक लाभ अवलंबून आहे, त्याच्याहून वेगळ्या व्यक्तींकडे निरीक्षण राहावे, हा विवेक यात दिसतो.

'मॅजिक'मध्ये पत्ते विकणारी, नियमावली लिहिणारी आणि तिचा अंतिम अर्थ सांगणारी संस्था एकच आहे. पत्त्यावर छापलेला मजकूर प्रमाण नसून कंपनीने अद्ययावत केलेला अधिकृत मजकूर प्रमाण असतो. खेळाडूच्या हातातील शब्द अशा रीतीने त्याच्या नकळत जुने ठरू शकतात. शुद्धिपत्रकांशी नित्य गाठ पडणाऱ्या आपणा अध्यापकांना ही अवस्था अपरिचित नाही. 2009 मध्ये लढाईतील हानी 'स्टॅक'वर मांडण्याची पद्धत रद्द झाली. 'मॉग फॅनॅटिक'सारखा पत्ता तोपर्यंत लढाईत हानी करून शिवाय स्वतःचा बळी देऊन आणखी एक हानी करू शकत असे. पत्त्यावरील एकही अक्षर बदलले नाही, तरी त्याचे सामर्थ्य घटले.

हा बदल नियमावली सुटसुटीत करण्यासाठी होता, हे मान्य केले पाहिजे. सदर बदल आधी जाहीर झाला होता, म्हणून एखाद्या चालू डावावर अन्याय झाला, असेही म्हणता येणार नाही. परंतु मेंढीकोटाच्या चौकडीत 'आधी ठरवून घेऊ' म्हणताना चौघांचा जो सहभाग असतो, तो येथे नाही. खेळाडूला केवळ स्वीकारणे किंवा खेळ सोडणे एवढेच स्वातंत्र्य उरते. खेळाच्या तार्किक गुणवत्तेने भारावून त्याच्या या बाजूकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही.

तपशीलवार नियमांनी प्रत्येक निर्णय हाती येतो, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी 2019 मध्ये असे सिद्ध केले की, 'मॅजिक'च्या विशिष्ट मांडणीत कोणत्याही संगणकीय प्रक्रियेचे अनुकरण करता येते. म्हणून अशा सर्व मांडण्यांत कोण जिंकेल हे सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. प्रत्येक पाऊल नियमाने निश्चित असूनही शेवट आधी सांगता येत नाही. अर्थात अशी मांडणी प्रत्यक्ष खेळात सहसा येत नाही. तरीही नियमावलीची पाने वाढविली की पंचाच्या विवेकाची गरज संपेल, या आशेला यातून उत्तर मिळते.

7. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. संग्राह्य पत्त्यांच्या खेळाने नियमांमागचे नियम विलक्षण काटेकोरपणे रचले आहेत आणि त्यामुळे एका विद्यार्थ्याला आपल्या प्राध्यापकाची चूक आवाज न चढविता, केवळ एक पान दाखवून सिद्ध करता आली. ही या पद्धतीची खरी थोरवी होय. लौकिक खेळांत असा काटेकोरपणा नाही, पण सर्वांनी मिळून आधी ठरविण्याची रीत आहे. पहिल्यात संमतीचा संकोच झाला आहे, दुसऱ्यात स्मृतीवर अवाजवी भार पडला आहे. न्याय्य निर्णयाला दोन्ही हवीत : आधी लिहिलेली कसोटी, आणि ती लिहिण्यात ज्यांच्यावर ती लागू होणार त्यांचा वाटा.

गुणदान, उपस्थिती, फेरतपासणी यांसंबंधी आपण दररोज निर्णय देतो. त्यांतील किती निर्णयांची कसोटी विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका लिहिण्यापूर्वी ठाऊक असते, हा प्रश्न या निमित्ताने प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. त्या स्पर्धेनंतर विद्यार्थ्यांनी पुढील वेळी नियमावलीची प्रत टेबलावर ठेवली आणि वाद झाल्यास निर्णय कोणी द्यावा, हेही डाव मांडण्यापूर्वी एकमताने ठरविले. ज्याने मला ते पान दाखविले होते, त्याची त्यांनी निवड केली. ती योग्यच होती.